अंजिराच्या झाडाला आणखी एक वर्ष

इ. स. १९०७ च्या जानेवारीची ६ तारीख, म्हणजे तीन राजांचा सण. त्या दिवशी रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या दरिद्री वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या कॅथलिक विदुषीच्या देखरेखीखाली एक बालगृह उघडण्यात आले. वस्तीतील आईबाप दिवसभर मजुरीला जात आणि शाळेचे वय न झालेली त्यांची मुले चाळीच्या जिन्यांतून व अंगणांतून मोकाट हिंडत, भिंती खरवडीत, मोडतोड करीत. चाळींच्या मालकांना काळजी होती ती भिंतींची. माँटेसरीबाईंना होती मुलांची. त्या बालगृहातून निघालेली शिक्षणपद्धती पुढे जगभर गेली, हे वाचकांस ठाऊक आहेच. पण आज आम्ही त्यातील एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. ते बालगृह राहत्या चाळीतच होते. मुलाने संस्था शोधीत जावे अशी अपेक्षा नव्हती. संस्थाच मुलाच्या दारी आली होती.

हेच तत्त्व आपल्या मराठी मुलखात ताराबाई मोडक ह्यांनी रुजविले. भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, त्या जन्मभरासाठी. गावातील बालवाडीत दलित वस्तीची मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना अगर त्यांच्या आयांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द अशा रीतीने जन्मास आला. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली बांधवांच्या वस्तीत गेले. तेथे असे दिसून आले की, थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आणि मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एके ठिकाणी आणली गेली आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनी 'अंगणवाडी' हेच नाव धारण केले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बेळगाव असो, बडोदे असो की इंदूर, मराठी कानाला तो शब्द आपल्या घरचाच वाटतो.

आता प्रश्न असा की, अशा कामाचे मोल करावे कसे? आपल्या पुष्कळ धर्मग्रामांतून धर्मभगिनी, महिला मंडळे अथवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरीब वस्त्यांत बालवाड्या चालवितात, बाळंतिणींच्या भेटी घेतात, मुलांना दूध व खाऊ पुरवितात. वर्षाच्या शेवटी सभा भरते. अहवाल वाचला जातो : पटावर इतकी मुले, इतके डबे दूध, नाताळच्या मेळाव्यास इतकी उपस्थिती. मग एखादे व्यवहारी सभासद विचारतात, "एवढा खर्च झाला खरा, पण त्यातून निष्पन्न काय झाले?" त्यावर दुसरे कोणी भाविक सभासद दुखावल्या स्वराने म्हणतात, "दयेच्या कामाचा हिशेब कसला मागता?" दोघेही सद्हेतूनेच बोलतात, पण आमच्या मते दोघांचीही भूमिका अपुरी आहे. दानपेटीतला पैसा बहुधा गरिबाच्याच खिशातून आलेला असतो. त्याचा हिशेब मागणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. पण हिशेब मागायचा तर कशाचा मागायचा, हेही कळावयास हवे. दुधाच्या डब्यांची संख्या म्हणजे आपण काय दिले त्याची नोंद. मुलाला काय लाभले ते तीवरून कळत नाही.

संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूचा एक लहानसा दाखला नोंदविला आहे. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड होते. धनी तीन वर्षे फळ शोधीत आला, पण त्याला फळ मिळाले नाही. तेव्हा झाड उगीच जमीन अडवते म्हणून तोडून टाकण्याची आज्ञा त्याने केली. माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली. मात्र त्याने नुसती मुदत मागितली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपण झाडाभोवती खणू, खत घालू, असे वचनही त्याने दिले. आणि त्यानंतरही फळ आले नाही तर झाड तोडण्यास त्याची ना नव्हती. धन्याचा फळाचा आग्रह आणि माळ्याची कष्टाळू सबुरी ह्या दोन्ही गोष्टी त्या दाखल्यात एकत्र नांदतात. आजच्या काळात ह्या दाखल्याची आठवण करून देणारी एक घटना इंग्लंडात घडली आहे. ती जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

१९९९ साली इंग्लंडच्या सरकारने तेथील अत्यंत दरिद्री वस्त्यांसाठी 'शुअर स्टार्ट', म्हणजे 'खात्रीचा आरंभ', नावाची योजना सुरू केली. ठरावीक वस्तीत राहणारे चार वर्षांखालील प्रत्येक मूल व त्याचे कुटुंब तिच्या कक्षेत येत असे. कोणी कोणाला 'तू गरीब आहेस काय' असे विचारून दाखला मागत नसे. घरोघर भेटी, आईबापांस आधार, खेळ व शिक्षण, आरोग्याचा सल्ला अशी कामे त्यात होती. परंतु कोणते काम कसे करावे ह्याचा एकच साचा वरून लादलेला नव्हता. प्रत्येक वस्तीने आपल्या पालकांना सोबत घेऊन आपला कार्यक्रम ठरवावा, अशी योजना होती. थोड्याच वर्षांत अशी ५२४ स्थानिक केंद्रे उभी राहिली.

हिची परीक्षा करण्याचे काम लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील संशोधकांकडे होते. योजना पोहोचलेल्या १५० वस्त्या आणि अद्याप न पोहोचलेल्या तशाच ५० वस्त्या त्यांनी ताडून पाहिल्या. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते धक्कादायक होते. गरीब वस्तीतही जी कुटुंबे तुलनेने बऱ्या स्थितीत होती, त्यांना थोडा लाभ झाला होता. पण अगदी तळाच्या कुटुंबांतील मुले, म्हणजे ज्यांच्या आया स्वतःच कोवळ्या वयाच्या होत्या, ज्या घरात आई एकटीच होती, ज्या घरात कोणालाच काम नव्हते, अशा घरांची मुले योजना नसलेल्या वस्तीतील तशाच मुलांपेक्षा किंचित मागेच आढळली! असे का व्हावे? संशोधकांनी तर्क मांडला तो असा : ज्या आईच्या अंगी थोडी उमेद असते, ती केंद्राचे दार ठोठावते, बाईंशी बोलते, चार गोष्टी शिकून घेते. जी पार खचलेली असते ती येतच नाही. आणि आलेल्यांचीच सरबराई करता करता सेविकांचा दिवस संपून जातो. शिवाय अशा खचलेल्या घरात परक्याचे वारंवार येणे हेच कधीकधी ओझे होऊन बसते.

वाचकहो, हा तर्क आम्हांस फार मोलाचा वाटतो. पट भरलेला आहे, मेळावा गजबजलेला आहे, सारे समाधानी आहेत. आणि ज्या एका मुलासाठी हे सारे मांडले ते मात्र गल्लीच्या टोकाला बंद दाराआड आहे, असे आपल्याकडे घडत नसेल काय? हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. नव्याण्णव मेंढरे कळपात आहेत हे मोजून मेंढपाळ स्वस्थ बसला नाही. न आलेल्याची मोजदाद त्याने आधी केली.

पुढे २००८ साली त्याच संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांची दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात चित्र पालटले होते. योजनेच्या वस्तीतील मुलांचे वागणे अधिक मिळतेमिसळते दिसले, घरात मुलांशी बोलणे-वाचणे वाढलेले आढळले, आणि तळाच्या कुटुंबांचे नुकसान झाल्याची खूण राहिली नव्हती. दोन्ही पाहण्यांतील तुलनेची रीत वेगळी होती; त्यामुळे बदल किती कामात झाला आणि किती मोजण्यात, हे तराजूत घालून सांगता येत नाही. तरीपण मधल्या काळात सेविकांना अनुभव आला होता आणि मुलांनाही त्या आधाराचा सहवास अधिक काळ लाभला होता, ही गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही.

एव्हाना योजनेचे रूपही बदलले होते. वस्तीवस्तीच्या स्थानिक केंद्रांची सरकारी छापाची बालकेंद्रे झाली, ती देशभर पसरली आणि दर मुलामागचा पैसा विरळ होत गेला. २०१० नंतर तर तिचा निधी दोनतृतीयांशाहून अधिक कापला गेला आणि पुष्कळ केंद्रांना टाळे लागले. फळ दिसत नाही म्हणून झाडावर कुऱ्हाड पडली, असेच म्हणावे लागेल.

आणि मग २०२४ साली लंडनच्या राजकोषीय अभ्यास संस्थेने मागे वळून पाहिले. ज्या मुलांच्या घरापासून अडीच किलोमीटरच्या आत पहिली पाच वर्षे असे केंद्र होते, ती मुले आता सोळा वर्षांची होऊन शालान्त परीक्षेस बसली होती. त्यांचे गुण इतरांहून सरस होते. शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या, म्हणजे गरिबांतल्या गरीब मुलांचा लाभ सर्वांत मोठा होता. सर्व विषय मिळून त्यांची प्रगती तीन श्रेणींनी अधिक होती. त्याच संस्थेच्या आधीच्या अभ्यासात, ही मुले अकराव्या वर्षानंतर रुग्णालयात कमी वेळा दाखल झाल्याचे आढळले होते. पण खरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. परीक्षेतील हा सारा लाभ १९९९ ते २००३ च्या दरम्यान उघडलेल्या जुन्या स्थानिक केंद्रांमुळे झाला होता. ती केंद्रे वस्तीतील लोकांना धरून चालत, घराघरांत जात, आणि त्यांना पैसाही पुरेसा मिळे. मागाहून उघडलेल्या विरळ बालकेंद्रांचा तसा प्रभाव दिसला नाही. पाटी तीच होती. पण खणणारा माळी आणि खत दोन्ही कमी झाले होते.

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच घातलेली नाही. तिसऱ्या वर्षी उणे दिसलेले काम सोळाव्या वर्षी फळास आले. म्हणून लवकर मोजूच नये असे मात्र कोणी समजू नये. २००६ ची ती कडू पाहणी झाली म्हणूनच तळाच्या घरांकडे लक्ष गेले. लवकर मोजावे ते झाडाभोवती कोठे खणावे हे कळण्यासाठी; तोडण्याचा निवाडा मात्र घाईने करू नये.

मोजण्याची रीत कशी असावी, ह्याचा धडा जमैका बेटाने घालून दिला आहे. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली उंची खुंटलेली १२९ बाळे निवडण्यात आली. त्यांची वये ९ ते २४ महिन्यांची होती. त्यांचे चार गट केले. एकास पोषक दूध मिळे. दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईला बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे दाखवी. तिसऱ्यास दोन्ही मिळे. चौथ्याची फक्त देखरेख होई. हे दोन वर्षे चालले. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची होती. वीस वर्षांनी त्यांतील १०५ जण शोधून काढले, तेव्हा ज्यांच्या घरी खेळासाठी सेविका गेली होती त्यांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. नुसत्या दुधाचा असा दूरवरचा परिणाम दिसला नाही. दूध नको असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. भुकेल्या लेकरास दूध दिलेच पाहिजे. पण बाळाला जसे दूध हवे तसा त्याच्याशी बोलणारा आवाजही हवा, एवढे ह्यातून निश्चित कळते.

येथे एखादा कोमल मनाचा वाचक विचारील की, एका बाळाला द्यावे आणि दुसऱ्याला नुसते पाहत बसावे, हे ख्रिस्ती विवेकबुद्धीला पटते काय? शंका रास्त आहे. जे सर्वांना देता येते ते कोणापासून राखून ठेवणे हे पापच होय. पण बहुधा आपल्यापाशी सर्वांपुरते नसते; तेव्हा कोणाला तरी आधी व कोणाला तरी मागाहून मिळणारच. अशा वेळी ओळखीच्या, पुढे पुढे करणाऱ्या घरांना निवडण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणे अधिक न्यायाचे. मत्तियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. आणि ज्यांची पाळी मागाहून आहे, त्यांच्याशी तुलना केल्याने कामाची खरी पारखही होते. अट एवढीच की, पाळी खरोखर यावयास हवी.

आपल्या देशातील एक उदाहरण सांगून मुद्द्याकडे येतो. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेऊन, त्यांतील निम्म्यांना चिठ्ठीच्याच पद्धतीने अर्ध्या दिवसाची एक जादा सेविका देण्यात आली. तिचे काम एकच : मुलांना शिकविणे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासानुसार, शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि १८ महिन्यांत मुलांचे गणित व भाषा दोन्ही सुधारले. एवढेच नव्हे, तर जुन्या सेविकेला आहार व आरोग्याच्या कामास उसंत मिळाल्यामुळे तीव्र कुपोषणही घटले. ज्या बाईवर आपण पोषण, वजन, लसीकरण, नोंदवह्या आणि शिक्षण असा सारा भार घालतो, तिच्याकडून फळ मागण्यापूर्वी तिच्या मदतीस दुसरे हात दिले काय, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

तर मग आपल्या धर्मग्रामाच्या वार्षिक सभेने काय विचारावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे पुढील चार प्रश्न पुरेसे आहेत. पहिला : वस्तीत सहा वर्षांखालील मुले एकूण किती, आणि त्यांतली न येणारी कोणती? ही यादी पटाच्या आधी वाचली जावी. दुसरा : न येणाऱ्यांच्या घरी कोण गेले, आणि त्या आईने काय सांगितले? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. कोसबाडच्या कुरणातील शाळा असल्या उत्तरांतूनच निघाली. तिसरा : वर्षारंभी मूल जसे होते त्याहून आज ते कसे आहे? वजन व उंची तर पाहावीच. शिवाय ते किती शब्द बोलते, परक्याशी मिसळते काय, गोष्ट सांगितली तर ऐकते काय, हे बालवाडीच्या बाई साध्या वहीत नोंदवू शकतात. ही वही मुलांची परस्परांत शर्यत लावण्यासाठी नव्हे. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी व्हावी. चौथा : बाईंना वेळेवर मानधन, मदत आणि थोडी विश्रांती मिळते काय? सेविका दमलेली असेल तर वहीतले सारे आकडे निष्फळ होत.

हे प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावे. परीक्षा कामाची आहे. गरीब आईची नव्हे. ती सभेपुढे उभी राहून आपल्या दारिद्र्याचे पुरावे देणार नाही, इतकी तिची अब्रू आपण राखली पाहिजे. उलट वस्तीतील दोन माता त्या सभेत सभासद म्हणून बसाव्यात आणि खर्चाच्या वहीवर त्यांचीही नजर असावी. इंग्लंडातील ज्या केंद्रांनी पुढे फळ दिले ती पालकांना धरूनच चालली होती, हे विसरून चालणार नाही.

आणि ह्या चार प्रश्नांची उत्तरे असमाधानकारक आली तर? तर माळ्याप्रमाणे मुदत मागावी, पण त्याच्याच प्रमाणे खणण्याचे वचनही द्यावे. कोणत्या घराशी, कोणी, केव्हा जायचे हे सभा उठण्यापूर्वी नावानिशी ठरवावे. पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे. आणि एखादी रीत खरोखरच निष्फळ ठरली, तर ती सोडून देण्याचे धैर्यही दाखवावे. मात्र सोडायची ती रीत; मूल नव्हे.

येत्या आठवड्यात आपल्या वस्तीतील न येणाऱ्या मुलांची यादी करावयास घ्या. यादी लांबली तरी घाबरू नका. प्रभूने बालकांना आपणाजवळ येऊ द्यावे असे सांगितले, तेव्हा चालत येणाऱ्यांइतकीच कडेवर घेऊन आणावी लागणारी बालकेही त्याच्या मनात होती, असा आमचा विश्वास आहे.